पायाळूची लेक

नगरच्या दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांनी माझ्या तान्ह्या लेकीचे पाय दुमडून, फाकवून पाहिले आणि मान वर न करताच विचारलं, घरात कुणी लंगडतं का? आई लगेच म्हणाली, "न्हाई." पाठोपाठ मीही म्हणाले, नाही. खोटं बोलावं असं आमच्या दोघींच्याही मनात नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. पुढचा प्रकार ऐकून पुष्कळांना वाटलं की आम्ही मायलेकींनी लपवाछपवी केली. पण लपवायची गोष्ट आधी माहीत तर असायला हवी.

मी चालायला लागले तेव्हापासून डाव्या अंगाला झुकत चालते.

आता हे माहीत नव्हतं म्हणजे काय, असं कुणीही विचारील. मीही स्वतःला विचारते. त्याचं उत्तर असं, की मी पायाळू आहे. जन्मताना डोकं आधी यायचं, तिथे माझे पाय आधी आले. आमच्या आष्टीकडे असं मूल म्हणजे साधं मूल नव्हे. त्याला जमिनीखालचं पाणी कळतं म्हणतात. आभाळ गडगडायला लागलं की त्यानं झाडाखाली थांबू नये म्हणतात. आणि कुणाच्या पाठीत उसण भरली, कंबर धरली, तर पायाळूनं नुसता पाय लावला की माणूस मोकळा होतो म्हणतात. हे शेवटचं माझ्या बालपणाला पुरून उरलं, कारण माझे आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या माणसाची कंबर धरायला मुहूर्त लागत नाही. संध्याकाळी आमच्या कोप्यांपुढे, म्हणजे झोपड्यांपुढे, उसाच्या पाचटावर कुणी ना कुणी पालथं पडलेलं असायचंच. मला हाक यायची. मी जायची, पाय लावायची, माणूस कण्हत कण्हत उठायचा आणि माझ्या हातावर गुळाचा खडा पडायचा.

"डावा लाव गं पोरी, डाव्यात गुण हाय," असं म्हणायचे. डावा पाय माझा जरा आखूड. गुण असल्यामुळेच तो आत ओढला गेलाय, असा टोळीचा तर्क होता आणि तो मलाही पटलेला होता. मुकादम टोळी ठरवायला आला की वडिलांना बजावायचा, पोरीला म्हातारीपाशी ठेवून येऊ नका, संगं आणा. शाळेचं काय, असं कुणी विचारल्याचं आठवत नाही.

गावात आमच्याच गल्लीत पोलिओ झालेला एक मुलगा होता. त्याला सगळे लंगड्या म्हणायचे. आम्ही दोघंही एकाच रस्त्यानं तिरके तिरके चालायचो. त्याला बघून लोक हळहळायचे आणि माझ्यापुढे पालथे पडायचे. तेव्हा लंगडं म्हणजे तो. मी पायाळू.

लग्न जमवताना आईनं पाहुणे यायच्या आधीच मला पाटावर बसवून ठेवलं होतं. चहाचा ट्रे चुलतीनं फिरवला. मुद्दाम केलं का, असं मी आईला आता विचारलं, तर ती म्हणते, ट्रे जड होता. सासरच्यांनी पहिल्या आठवड्यातच माझी चाल पाहिली असणार, पण कुणी शब्दानं बोललं नाही. त्यांना पायाळू सून हवीच होती. सासरी जिरायती रान, पाण्याचा ठणठणाट. हळद उतरली न उतरली तोच सासऱ्यांनी माझ्या तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि मला रानभर फिरवलं. पाणी असेल तिथे नारळ आपोआप उभा राहतो म्हणे. तो काही केल्या उभा राहीना. शेवटी उन्हानं मला चक्कर आली आणि मी बांधाच्या कडेला बसले, तर त्यांनी तिथेच बोअर घेतली. पाणी लागलं, पण होळीनंतर आटतं. ते माझं यश धरायचं की अपयश, यावर घरात अजून एकमत नाही.

हे सगळं सांगितल्याशिवाय लेकीची गोष्ट कळायची नाही, म्हणून सांगितलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, कडा या गावाजवळच्या आमच्या खेड्यात. नववा लागला तरी बाळ पोटात उलटंच बसलेलं होतं. नगरला सिझेरियन झालं, मुलगी झाली, आणि घरी आल्यावर गल्लीतल्या म्हाताऱ्यांपुढे पेच पडला. पोट फाडून काढलेलं लेकरू पायाळू धरायचं का? एकीचं म्हणणं, वाटच निराळी, तर पायाळू कशी? दुसरीचं म्हणणं, आधी काय बाहेर आलं ते विचारा. माझा नवरा स्वभावानं इतका सरळ, की त्यानं टाके काढायला गेलो तेव्हा नर्सला खरंच विचारलं. नर्स म्हणाली, आधी ढुंगण आलं. त्यावर काय निकाल द्यावा हे म्हाताऱ्यांनाही सुचेना. शेवटी आईनंच जाहीर करून टाकलं, की पायाळूची लेक पायाळूच.

दवाखान्यातून सोडायच्या आदल्या दिवशी मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या मांड्या धरून बाहेर फाकवल्या होत्या आणि त्या जरा थांबल्या होत्या. डावा खुबा सैल लागतोय म्हणाल्या. पहिली मुलगी, तीही पोटात उलटी, म्हणजे बघायलाच हवं. दीड महिन्याची झाली की खुब्याची सोनोग्राफी करा, तोवर पाय सरळ करून घट्ट बांधू नका, मालिश करताना ओढू नका. दीड महिना म्हणजे सव्वा महिन्याच्या विटाळानंतरच, त्यामुळे डॉक्टर आणि रिवाज यांचं निदान तारखेवर तरी जुळलं. बाकी कशावर जुळलं नाही. मालिश करणारी मावशी लेकीला पायांवर आडवी घ्यायची आणि दोन्ही तंगड्या धरून ताणायची. आई सांगायची, पाय जुळवून बांधले न्हाई तर पोरगी फेंगडी व्हईल. मी ब्लाउज शिवून चार पैसे मिळवणारी बाई, मला अंदाज लागतो तो मापाचा. इथे माप कुणाचं धरावं तेच कळेना. मग मी वरचं अंग बांधायची आणि पाय मोकळे ठेवायची, म्हणजे दोन्हीकडची बोलणी निम्मी निम्मी चुकतील. तेच बरोबर होतं असं नंतर कळलं, पण त्यात माझं शहाणपण काही नव्हतं.

तर त्या दिवशी सोनोग्राफी झाली आणि आई, नवरा आणि मी हाडांच्या डॉक्टरांपुढे बसलो. त्यांनी एका हाताची मूठ दुसऱ्या हाताच्या ओंजळीत बसवून दाखवली. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत असा बसतो. हिची डावी वाटी उथळ आहे, गोळा कडेला सरकतो. आत्ता हिला काहीच होत नाही, पण तसंच राहू दिलं तर पुढे चाल बिघडेल. मग त्यांनी तो प्रश्न विचारला आणि आम्ही दोघींनी ते उत्तर दिलं.

मी लेकीला दुपट्यात घेऊन दाराकडे निघाले. मागून हाक आली.

"ताई, परत या. बाळाला आजीकडे द्या आणि पुन्हा एकदा दारापर्यंत चालत जा."

मी गेले आणि परत आले. डॉक्टर माझ्या कमरेकडे बघत होते. मला लाज वाटली, पण कशाची ते कळलं नाही. तुम्ही कधीपासून लंगडता, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "ती लंगडत न्हाई, सायेब. ती पायाळू हाय."

डॉक्टर हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सावकाश सांगितलं, की पोटात उलटी असलेली जी मुलं असतात, त्यांच्यातच हा दोष जास्त सापडतो, आणि आईला असला तर मुलीलाही होण्याची शक्यता वाढते. माझा एक्स-रे काढून घ्या म्हणाले. मी नंतर बघू म्हटलं. मला वाटत होतं, ते कुणा दुसऱ्याच बाईबद्दल बोलताहेत. पायाळूपण ही देवाची देणगी, असं मी गुळाच्या खड्याबरोबर चघळत मोठी झाले होते. आता हा माणूस सांगत होता, की त्याच कारणानं माझा खुबा निसटलेला आहे. मग पाचटावरून उठून चालत गेलेली ती सगळी माणसं खोटी होती का? त्यांची कंबर कशानं मोकळी झाली? हे मला विचारायचं होतं, पण असलं डॉक्टरांना कसं विचारायचं?

विचारलं ते वेगळंच. म्हटलं, डॉक्टर, ही रडत नाही, लाथा झाडते, दूध ओढते. दुखत नाही तर आजार कसा?

"दुखायला लागेल तेव्हा उशीर झालेला असेल," ते म्हणाले. "आत्ता हाड कोवळं आहे, नुसत्या पट्ट्यांनी बसेल. चालायला लागल्यावर कळलं, तर भूल द्यावी लागते, प्लास्टर घालावं लागतं, कधी ऑपरेशन. तुम्ही लवकर आलात."

लवकर आलो हे ऐकून नवऱ्याला हायसं वाटलं. मला वाटलं नाही.

पट्ट्यांचा तो साज त्यांनी तिथेच बांधला. दोन खांद्यांवरून दोन पट्टे, छातीवर एक आडवा, आणि खाली दोन कापडी बूट. पट्टे बुटांना जोडले की गुडघे वर येतात आणि मांड्या बाहेर पडतात. लेक बेडकीसारखी दिसायला लागली. प्रत्येक पट्टा कुठवर ओढायचा तिथे डॉक्टरांनी पेनानं रेघ मारली. ती रेघ तेवढी मला समजली, कारण कापडावर खडूची रेघ मीही मारते आणि गिऱ्हाईक काहीही म्हणालं तरी त्या रेघेवरच कापते. पट्टे घरी काढायचे नाहीत, अंघोळ नाही, ओल्या फडक्यानं अंग पुसायचं. ते आणि त्यांचं मशीन ठीक म्हणेपर्यंत हे असंच चालू राहणार होतं. कडेवर घेताना पाय दोन्ही बाजूंना टाकून घ्या, म्हणाले. तुमच्याकडच्या ऊसतोडीच्या बाया घेतात ना लेकरू, तसं.

येताना एसटीत आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. कडा जवळ आलं तेव्हा बोलली.

"मी तुला कडेवर घेतलंच न्हाई गं. हातात कोयता. तुला झोळीत ठिवायचे. झोळीत पाय जुळूनच ऱ्हात्यात."

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना झोळीचं विचारलं. ते म्हणाले, झोळीनं थोडी भर पडली असेल, नसेल, कुणी सांगू शकणार नाही. मूळ कारण पोटातलं. कुणाची चूक नाही. आईनं त्यातलं एवढंच ऐकलं, की भर पडली असेल.

घरी तर निराळाच गोंधळ. ज्या लेकराला काहीच झालेलं दिसत नव्हतं, त्याला आता सगळं झालेलं दिसत होतं. बघायला आलेल्या बाया दारातच पदर तोंडाला लावायच्या. पोरगी अपंग हाय का, असं एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं. अपंग होऊ नये म्हणून बांधलंय, असं मी सांगितलं, तर ती म्हणाली, बांधलंय म्हंजे कायतरी हाय ना. नवरा मोबाइलवर व्हिडिओ शोधायचा. एकात एक गोरी बाई तसल्याच पट्ट्यांतलं हसरं बाळ दाखवायची आणि लगेच खालच्या व्हिडिओत कुणी बाबा सांगायचा, की तेलानं सगळं बसतं. तो दोन्ही मला दाखवायचा आणि तुला काय वाटतं म्हणायचा. मला वाटत काहीच नव्हतं. मी फक्त रेघा बघायची. दिवसातून कितीदा तरी दुपटं बाजूला करून पट्टा रेघेवर आहे का ते तपासायची. झबली सगळी उसवून खांद्यावर आणि बगलेत बंद लावले, लंगोटांचा मधला भाग रुंद केला. ते काम मात्र झकास झालं. डॉक्टरांच्या नर्सनं एक झबलं नमुन्याला मागून घेतलं.

आणि लेक? ती मजेत होती. बेडकीचे पाय करून छताकडे बघत हुंकार द्यायची. घरात गोंधळली नव्हती ती एकटीच.

तिसऱ्या महिन्यात सासरी आले. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी नातीला पट्ट्यांसकट उचललं, हिच्या दोऱ्या कवा सुटायच्या एवढंच विचारलं, आणि पुढे तिचं सगळं केलं. लंगोट धुतले, पुसणं पुसलं. त्यांना वाईट म्हणेन तर माझी जीभ झडेल. पण त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती. घरात एक पायाळू होती, आता दोन झाल्या.

एका दुपारी मी आत मशीनवर बसले होते. दारात जीप थांबल्याचा आवाज आला. आमच्या भागातले एक पुढारी होते. निवडणुकीची धामधूम, गावोगाव फिरताना गाडीतून उतरले आणि कंबर धरली. दोघांनी धरून आणलं, ओसरीवर सतरंजी टाकली, आणि ते कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत पालथे झाले. सासरे लगबगीनं आत आले आणि आत्यांना म्हणाले, नातीला आणा, कोवळ्या पायाचा गुण लई लवकर येतो. दारी आलेला मोठा माणूस, आणि गुणाचा पाय आपल्या घरात, म्हणजे मान. सासऱ्यांचा चेहरा उजळला होता.

मी मशीन थांबवलं आणि ते ऐकलं. पट्ट्याची चिकटपट्टी उघडल्याचा चर्र आवाज.

मी उठून धावले तसं माझ्या खुब्यात कळ आली. आत्यांनी लेकीला मांडीवर घेतलं होतं. डाव्या बुटाचा पुढचा पट्टा सुटून लोंबत होता आणि आत्या मागचा सोडायला लागल्या होत्या. मी त्यांचा हात धरला. सासूचा हात मी पहिल्यांदाच असा धरला.

"सोडू नका, आत्या."

"एक घडीभर गं. पाय लावते, लगीच बांधते. माणूस तळमळतंय भाईर."

मला खरं सांगायचं तर त्या क्षणीही कळत नव्हतं की कोण बरोबर. एक घडीनं गोळा निसटतो का? डॉक्टर म्हणाले होते काढायचे नाहीत, पण घडीभरानं काय होतं ते म्हणाले नव्हते. आणि बाहेर माणूस खरंच कण्हत होता, तसलं कण्हणं मी लहानपणी रोज ऐकलेलं. मला फक्त एवढं दिसत होतं, की पट्टा रेघेवर नाही.

"मीबी पायाळूच हाय," मी म्हणाले. "माझा लावते."

ओसरीवरही ते ऐकू गेलं. लहान पोरीनं पाय लावणं वेगळं. घरच्या सुनेनं, सासऱ्यादेखत, परक्या वडीलधाऱ्या माणसाच्या पाठीवर पाय द्यायचा, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड केलं. आत्या हळूच म्हणाल्या, पदर तरी घे. तेवढ्यात सतरंजीवरून आवाज आला, "कुणाचा का असंना, लावा बे लवकर." बे हा त्यांच्या माणसांना होता, पण मी तो माझ्यावर घेतला. डोक्यावर पदर घेतला आणि डावा पाय त्या कडक सदऱ्यावर ठेवला.

ते थोड्या वेळानं उठले. चालले. बरं वाटतंय म्हणाले, सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. आत्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुझ्यात अजून हाय की. जीपमध्ये बसताना साहेबांनी ड्रायव्हरकडून एक गोळी मागून घेतली, तेही मी खिडकीतून पाहिलं. आता यातलं कोणतं धरायचं?

पट्टा मी रेघेवर आणून चिकटवला. तरी पुढच्या तपासणीपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. लेकीच्या हसण्याकडे बघवत नव्हतं. डॉक्टरांना सांगितलं, एक पट्टा सुटला होता. कुणी सोडला म्हणाले. मी म्हटलं, माझ्या हातून. का म्हटलं ते ठाऊक नाही, आत्या बाहेर बाकावर बसून माळ ओढत होत्या म्हणून असेल. डॉक्टरांनी मशीन लावलं, पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. "गोळा वाटीत आहे," म्हणाले. मी तिथेच रडले.

पुढे काही आठवड्यांनी पट्टे निघाले. पाय मोकळे झाले तरी लेक सवयीनं बेडकी करूनच निजायची. सहा महिन्यांची झाल्यावर एक्स-रे काढायचा होता, त्या वेळी आई बरोबर आली आणि तिनंच हट्ट धरला की माझाही काढा. डॉक्टरांनी दोन्ही पडद्यावर शेजारी शेजारी लावले. लेकीची वाटी गोल भरत आली होती. माझी उथळ पसरट, आणि गोळा तिच्या कडेला, जागा सोडून वर चढलेला. झीजही सुरू झालीय म्हणाले, वजन वाढवू नका, व्यायाम करा, पुढेमागे सांधा बदलावा लागेल.

आईनं माझ्याकडे बोट केलं. हिला तवा पट्टे लावले असते तर? डॉक्टर म्हणाले, तेव्हा सगळीकडे बघत नव्हते हो, आजी. अजूनही सगळीकडे कुठं बघतात.

बाहेर आल्यावर आई पायरीवरच बसली. "टोळीत तुझा मान व्हता," ती म्हणाली. "मुकादम तुझ्यापायी आमाला पयलं घ्यायचा. मला वाटायचं देवानं पाय दिलाय. देवानं दिलेलं कुनाला दावायचं? मी दावलंच न्हाई गं."

मला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते समजेना. आईवर काढावा तर ती कोयता हातात धरून मला वाढवत होती. मुकादमावर काढावा तर तोही रात्री माझाच पाय लावून घ्यायचा आणि मनापासून हात जोडायचा. गुळाचा खडा मला आवडायचा हेही खरं. लेकीला कडेवर घेतलं, पाय दोन्ही बाजूंना टाकून, आणि आईला उठायला हात दिला.

वर्ष उलटल्यावर लेक चालायला लागली. लोक पुढून बघायचे, टाळ्या वाजवायचे. मी मागून बघायची. माझ्या परकराची डावी कड नेहमी आधी झिजायची, म्हणून आई मला परकर शिवताना त्या बाजूला दुमड जास्त ठेवायची. लेकीला मी सारख्या घेराचे फ्रॉक शिवले आणि ती चालली की घेराची खालची कड बघत राहिले. कधी वाटायचं सरळ आहे. कधी वाटायचं डावीकडे झुकली. परत चालवायची. नवरा म्हणायचा, किती बघशील. डॉक्टरांनी ठीक आहे म्हणून सांगितलं होतं, पण माझा डोळा आयुष्यभर तिरक्याला सरळ समजत आलेला. त्याच्यावर भरवसा कसा ठेवू?

मग परवाची गोष्ट. आत्यांनी पाण्याची घागर उचलली आणि कंबर धरली. पुढच्या खोलीत पालथ्या पडल्या आणि मला म्हणाल्या, "आता तरी लावू दे पोरीचा. आता काय दोऱ्या न्हाईत."

मी लावू दिला. लेकीला खेळच वाटला. ती आजीच्या पाठीवर डावा पाय ठेवून, मग उजवाही ठेवून उभी राहिली, खिदळली, आणि उतरून अंगणात पळाली. आत्या हात टेकून उठायला गेल्या, तशाच खाली बसल्या. पुन्हा पोरीला बोलावलं. पुन्हा तेच. आत्या गाल जमिनीला लावून पडून राहिल्या आणि फसवलं गेल्यासारख्या आवाजात बोलल्या.

"हिच्या पायात कायबी गुण न्हाई. डाक्टरनं पाय सरळ केला, गुण गेला."

"काय म्हणालात, आत्या?"

त्यांनी पुन्हा सांगितलं. मला ते तिसऱ्यांदाही ऐकायचं होतं. डॉक्टरांच्या मशीनवर, एक्स-रेवर, माझ्या स्वतःच्या डोळ्यांवर माझा बसला नव्हता तेवढा विश्वास आत्यांच्या त्या बोलण्यावर बसला. त्यांची कंबर खोटं बोलणार नव्हती. मला इतका आनंद झाला की डोळ्यांतून पाणीच आलं.

"तू कावून रडतीस?" आत्या म्हणाल्या. "तुझा लाव. तुझ्यात हाय."

मी पदर घेतला आणि डावा पाय त्यांच्या कमरेवर ठेवला. दारातून लेक अंगणात पळताना दिसत होती आणि फ्रॉकचा घेर दोन्ही बाजूंना सारखा उडत होता.